गुणगुणणारं दान

८ फेब्रुवारी, गुरुवार

टक्. टक्. टकटक, टकटक, टकटकटक.

सकाळपासून हा आवाज डोक्यातून जात नाही. आमच्या गावच्या चर्चच्या आवारात तुतीच्या फांदीला एक लांब फळी टांगलेली असायची. घंटेच्या आधी ती वाजवायची. तिला तोआका म्हणतात. बाबा चर्चचे सेवक, म्हणून ती वाजवायचा मान आमच्या घरात होता. मी नऊ वर्षांचा, धाकटा भाऊ इलारिये सात. आम्ही दोघे गोठ्यामागे जुन्या फळीवर सराव करायचो. माझा ठेका स्वच्छ. इलारियेचा शेवटी एक ठोका जास्तच पडायचा, उंबऱ्याला ठेच लागावी तसा. बाबा म्हणायचे, "अरे, ही तोआका आहे की लंगडी शेळी?" आणि दोघांना हसू आवरायचं नाही. पासष्ट वर्षं झाली त्याला. दरीतून धुकं वर यायचं आणि तो आवाज धुक्यातून चालत गेल्यासारखा ओल्त नदीच्या पात्राकडे उतरायचा.

आज हे का आठवावं? इलारियेचं नाव मी या वहीत सहसा लिहीत नाही.

लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. समोरच्या झाम्फिराबाई आल्या होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस, माझी बायको लेओन्तीना गेली त्याच्या चाळिसाव्या दिवशी, मी त्यांना तिच्या नावाने पोमाना, म्हणजे मेलेल्या माणसासाठीचं दान, दिली होती: मेणबत्ती लावून, गोल पावासोबत, तिचा कॉम्प्युटर आणि तिचे हेडफोन. जिवंत माणसाच्या हाती जे पडतं ते तिकडे तिला मिळतं. ताट दिलं की ताट, खुर्ची दिली की खुर्ची. बाकीच्यांनी टॉवेल आणि पेले दिले. मी ऐकायचं साधन दिलं, कारण त्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या आवाजातल्या एक्केचाळीस कविता आहेत. झाम्फिराबाईंनी मेणबत्ती घेतली, "बोगदाप्रोस्ते" म्हणाल्या, म्हणजे दान पोचलं. दर रविवारी चर्चमधून आल्यावर एक कविता ऐकायची, असंही त्यांनी कबूल केलं होतं.

आज दारातच म्हणाल्या, "मास्तर, रागावू नका, पण तुमचं दान गुणगुणतं हो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही वाचता नदी, धुकं, काय काय, आणि मागे कुणीतरी फ्रिज चालू ठेवल्यासारखं. गूंऽऽ. मी तुर्की मालिकाही त्याच्यावर बघते, खोटं कशाला बोलू. त्यांचे नवरे ओरडत असतात म्हणून तिथे चालून जातं. तुमच्या कवितेत गप्प बसायच्या जागा फार. तिथे ते गूं येतं."

मी म्हटलं, "तुमच्या कानात असेल."

"माझ्या? चौथ्या मजल्यावरचा पोपट कुठल्या पक्षाच्या घोषणा देतो ते मी इथून सांगते!"

त्या हसत गेल्या. मी मात्र तेव्हापासून तसाच बसलो आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार

लिहून टाकतो, नाहीतर हे आत कुजेल.

हेच वाक्य लेओन्तीना दोन वर्षं म्हणत होती. "वालेरियू, यात गुणगुण आहे." आणि मी दोन वर्षं तिला सांगत होतो, "गुणगुण तुझ्या कानात आहे. वय झालं. मशीन ठीक आहे." मी स्वतः लावून पाहिलं होतं, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या दिवसांत ती सारखी "काय?" "काय म्हणालास?" करायची. मी ठरवून टाकलं की ती बहिरी होत चालली. शेजारी, दवाखान्यात, चर्चमध्ये, सगळीकडे तिच्यादेखत सांगत सुटलो. 

रेकॉर्डिंगची कल्पनाही तिचीच. म्हणाली, "तुला पाठ आहेत तेवढ्या कविता त्या माइकमध्ये बोल. शाळेत मुलांना म्हणायचास तशा. पण नेम धरून. दर गुरुवारी चार वाजता, दार लावून. म्हणजे माझ्या भांड्यांचा आवाज येणार नाही." मला किती बरं वाटलं होतं! पस्तीस वर्षं मुलांना कविता शिकवल्या, पण आपणहून कुणी मागितल्या नव्हत्या. एकेक कविता मनासारखी होईपर्यंत दोन-तीन गुरुवार पुन्हा म्हणायचो, तेव्हा कुठे ठेवायचो.

मग एकदा तिने त्या डबीचं काढलं. हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो, बाहेरून जोडायचा. कुठे वाचलं कोण जाणे. "एवढी डबी घेऊन ये. मग तूच कानाला लाव आणि नीट ऐक." हे "तूच ऐक" मला टोमण्यासारखं लागलं. मी म्हटलं, "बहिऱ्याला भोंगा दिला म्हणून तो गाणं ऐकतो का?"

 ती फुंकर घालून चहा प्यायली.

आता झाम्फिराबाईंचे ते पोपट ओळखणारे कान. गुणगुण खरी असेल तर मी दोन वर्षं तिला खोटं ठरवलं. आणि वर तेच मशीन, तीच गुणगुण, मेणबत्ती लावून तिच्यामागे पाठवून दिली. इथे निदान ती हेडफोन काढून ठेवू शकायची. तिकडे दिलेली वस्तू काढून ठेवता येते का?

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पाप केलं. दिलेलं दान परत आणलं. आठ दिवसांसाठी, तपासायला, असं झाम्फिराबाईंना सांगितलं. त्यांनी छातीवर क्रूस काढला.

"मास्तर, दिलेलं परत घेत नाहीत. तेवढे दिवस ती बिचारी तिकडे रिकामी बसेल."

"दुरुस्त करून देतो."

"मग मालिकांचं काय?" असं मात्र त्यांनी लगेच विचारलं.

कॉम्प्युटर मजल्यावरून ढकलत माझ्या खोलीत आणला. बाजारात जुन्या वस्तूंच्या टेबलावर मिळालेली एक डबी हेडफोनच्या भोकात जोडली. तिचं बटण फिरवलं. आणि ऐकलं! आयुष्यात पहिल्यांदा. मधमाशांचं पोळं कानाला लावावं तसं. बटण वाढवलं की माझा आवाज वाढतो, आणि पोळंही तेवढंच वाढतं.

म्हणजे डबीने काही होत नाही. जे आहे ते मोठं होतं, इतकंच. ती आणून दिली असती तरी लेओन्तीनाला उपयोग झाला नसता. माझं चुकलं नाही.

किती हलकं वाटलं! चीजचा तुकडा तोडून उभ्याउभ्याच खाल्ला. मग त्या हलकेपणाची लाज वाटली. गुणगुण तर खरीच निघाली होती ना. आणि मी आनंदलो कशाने, तर तिला आराम पडणं शक्यच नव्हतं याने.

चीजही कसलं, मिठाचा दगड. लेओन्तीना गुरुवारच्या बाजारातून आणायची ते ओल्या फडक्यात बांधलेलं मेंढीचं चीज, थेट आमच्या आईच्या हातचं. सप्टेंबरपासून बाजारातल्या प्रत्येक बाईला विचारून झालं. असं चीज कुणाकडेच नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

चार वाजता खोलीचं दार लावून बसलो. का, ते कळेना. वाचायचं काही नव्हतं. पाच वाजता उघडलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

पाम्फिलकडे गेलो. पूर्वी टेकडीवरच्या टेलिव्हिजन केंद्रात होता, आता बसस्टँडमागच्या टपरीत दुरुस्तीची कामं करतो. माझा विद्यार्थी. मला पाहताच डाग देण्याची कांडी खाली ठेवली.

"सर! या, बसा. तुम्ही मला कवितेत दहापैकी चार दिले होते."

"तू कवितेत आला होतास कुठे?"

"तेही खरंच."

माझी डबी हातात घेऊन त्याने ती कानाजवळ हलवली, खेळणं हलवतात तशी. मग समजावू लागला. कॉम्प्युटरच्या पोटात आवाज तयार करणारा भाग असतो, त्याच्या आजूबाजूला पंखा, वीज, सगळी वर्दळ. ती वर्दळ आवाजात झिरपते. "ही डबी भोकातून बाहेर आलेलं घेते, सर. म्हणजे मिसळलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतल्यासारखं. पाणी कसं निघेल? तुम्हाला दुसरी हवी. ती यूएसबीला लागते, आतून नुसते आकडे घेते आणि आवाज बाहेर, स्वतःच्या पोटात तयार करते."

"मग निश्चित फरक पडतो?"

"खरं सांगू? दहातले नऊजण उगाच घेतात. बरा कॉम्प्युटर, साधे हेडफोन, त्यांना काडीचा फरक पडत नाही. नवीन घेतली म्हणून छान वाटतं, बस. तुमचं दहावं घर आहे का ते ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

दुपारी तो घरी आला. हेडफोन लावले, माऊस हलवला, चेहरा आंबट केला. "आई गं! डासही आहे. हा बघा, माऊस हलला की ईंऽ करतो."

मी लावून पाहिले. गूं आता ओळखीचं झालं होतं, पण डास कुठे?

"तुम्हाला ऐकू नाही येत, सर?" त्याने काहीबाही बारीक शिट्ट्या वाजवल्या आणि मी हात वर करायचा होता. माझा हात बराच वेळ मांडीवरच राहिला. पाम्फिल मऊ आवाजात म्हणाला, "वय झालं की होतंच हो. बाईंचे कान कसे होते?"

मी म्हटलं, "बहिरी होती ती."

म्हटलं खरं, पण शब्द तोंडात फिरत राहिला.

१ मार्च, शुक्रवार

पाम्फिलने सांगितलेली डबी आली. काळी, काडेपेट्यांच्या जोडीएवढी. आज वसंताचा पहिला दिवस, बायकांना लाल-पांढरा दोरा बांधायचा. मी लेओन्तीनासाठी आणलेला दोरा डबीला बांधला. दुसरं कुठे बांधणार?

जोडली. पहिलीच कविता लावली.

कसं लिहू? मी वाचायला लागण्याआधी जे होतं त्याला मी आजवर शांतता समजत होतो. ती शांतता नव्हतीच. ती गूं होती, मला तिची सवय झाली होती. आज ती कुणीतरी उचलून नेली आणि मागे एक खोली उघडी पडली. माझी खोली. खुर्ची करकरते. मी गिळतो तो आवाज. खिडकीबाहेर एक कबुतर. दोन वर्षांपूर्वीचं कबुतर!

मग माझा आवाज आला आणि मी दचकलो. इतका म्हातारा माणूस.

५ मार्च, मंगळवार

मला वाटलं, हा दोऱ्याचा भास असेल. पाम्फिललाही तसंच वाटलं असावं. म्हणाला, "सर, परीक्षा घेऊ. आता तुमची पाळी." मशीनवर टेबलक्लॉथ टाकला, खाली हात घालून तारा बदलायचा, एकदा डबीतून, एकदा सरळ. बारा वेळा. मी कागदावर लिहायचं.

आधी लग्नातला बँड लावला. बारापैकी सहा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

मग कविता. बारापैकी अकरा.

"बघा," तो म्हणाला, "बँडला डबी असली काय नि नसली काय. तुमच्या वाचण्याला फरक नाही, वाचता वाचता तुम्ही थांबता त्याला आहे. बाईंना हे कळलं होतं, सर. त्यांचा कान जबरदस्त असणार."

तो जाईपर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग मी लेओन्तीनाच्या फोटोसमोर उभा राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं आणि तोंडून शाळेतलं वाक्य निघालं: "अकरा गुण. उत्तम." ही माफी झाली का?

९ मार्च, शनिवार

आज सगळ्या पितरांचा शनिवार. चर्चमध्ये गव्हाच्या गोड प्रसादाची ताटं, मेणबत्त्यांचा धूर, नावांच्या याद्या. मी तिचं नाव दिलं. आईचं दिलं. बाबांचं दिलं. फादरनी विचारलं, "जिवंतांची यादी?" ती कोरीच होती.

आल्यावर चौदावी कविता लावली.

पहिल्या कडव्यानंतर मी थांबतो. त्या थांबण्यात, लांब, दोन भिंतींपलीकडे:

टक्. टक्. टकटक, टकटक, टकटकटक. टक्.

तोआका. आमच्या घरात, बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर.

आणि त्याच क्षणी लेओन्तीनाचा आवाज! कुजबुजीचा, घाईचा, सहा महिन्यांनी: "ये, ये. बूट काढ. हळू. तो वाचतोय."

मी हेडफोन फेकले.

१२ मार्च, मंगळवार

एक सोडून सगळ्या ऐकल्या. चाळीसपैकी सदतिसांत आहे. कुठे ठोके नीट येतात, कुठे अगदी पुसट, मागोमाग दाराचं बिजागर. मी पहिलं कडवं संपवतो आणि ते येतं. दर गुरुवारी. मी आत डोळे मिटून नदीबद्दल वाचत होतो आणि माझ्या घरात कुणीतरी अनवाणी चालत होतं.

कोण?

पहिला विचार आला तो लिहायला नको असा होता. बहात्तर वर्षांची बाई, आणि मला असा विचार यावा! दुसरा विचार त्याहून वाईट. की ज्याने तिला सप्टेंबरात नेलं तोच दोन वर्षं येत होता, आधी ओळख करून घ्यायला. तीच त्याला हळू चाल म्हणत होती, मला कळू नये म्हणून. फळी वाजते ती बोलावण्यासाठीच तर. दुपारच्या उजेडातसुद्धा मी स्वयंपाकघरात जायचं टाळतो आहे. काल चहा बाथरूमच्या नळाच्या पाण्याने केला.

पण एक गोष्ट भुतापेक्षा वाईट आहे. तो ठोका इतका बारीक, की या डबीशिवाय मला तो ऐकूही आला नाही. आणि ती? पहिल्या टक्‌पासून उठलेली असते. खुर्ची सरकते, पावलं, "ये, ये." एकदाही चुकली नाही. बहिऱ्या माणसाला असं ऐकू येत नाही.

सगळीकडे सांगत सुटलो होतो मी. तिच्यादेखत.

१४ मार्च, गुरुवार

झाम्फिराबाईंना गाठलं. जिना पुसत होत्या. मी सरळ विचारलं, "गुरुवारी चार वाजता माझ्या घरात कोण यायचं?"

फडकं पिळता पिळता थांबल्या. "कुणी सांगितलं?"

"मशीनने."

"बघा बाई. आणि मी म्हणत होते नुसतं गूं करतं."

"बाई, चेष्टा नको. माणूस होता की..."

"की काय? इश्श! मास्तर, तुम्ही फार कविता वाचता. माणूस होता. दोन पाय, एक पिशवी. तुमच्या दारासमोर या पायरीवर बसायचा, तुमचा आवाज सुरू होईपर्यंत. मग उठायचा. जाताना पाच वाजायच्या आत, मांजरासारखा."

"नाव?"

"लेओन्तीनाला शब्द दिलाय मी. ती नाही म्हणून शब्द मोडू? ती तर आता वरून ऐकतेच आहे, सगळं!" मग माझ्या तोंडाकडे पाहून बाई जरा नरमल्या. "ती म्हणायची, वालेरियू एक दिवस स्वतःच ऐकेल. ऐकलंच तर मग बोलू. इतकं ऐकलंय तर उरलेलंही ऐका की. आणि मशीन पुढच्या शनिवारी परत हवं मला. सहा महिने भरतायत तिला. तुम्हाला नाही, मलाच जाब द्यावा लागेल वर."

शनिवारी २३ तारखेला तिचा सहा महिन्यांचा विधी. त्याच दिवशी मशीन परत द्यायचं, आणि सोबत डबी, मेणबत्ती लावून. तोवर आठ-नऊ दिवस आहेत.

१७ मार्च, रविवार

पोमानेच्या ताटाचं ठरवताना आईचा दिवस आठवला. एकोणीस वर्षं झाली. इलारिये तेव्हा त्या नव्या पंथाच्या प्रार्थनाघरात जाऊ लागला होता. आईच्या चाळिसाव्याला मी ताट पुढे केलं, मेणबत्ती पुढे केली, तो हात मागे बांधून उभा. म्हणाला, "आईला आता भूक नाही, वालेरियू. मेलेल्यांना काही पोचत नाही. जे ऐकवायचं ते जिवंतपणी ऐकवायचं असतं." शंभर माणसांसमोर! मी म्हणालो, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. त्याने ठेवला नाही. गावातल्या घरात आईच्या मेंढ्या राखत राहिला. बारा किलोमीटर. मी एकदाही गेलो नाही.

लेओन्तीनाच्या दफनालाही आला नाही. त्यांच्यात चालत नाही म्हणे. त्या दिवशी पावसात फक्त आम्हीच होतो, फाटकाबाहेर कबर खोदणाऱ्यांपैकी कुणीतरी टोपी काढून उभा होता तेवढा.

त्याचं ते वाक्य मात्र आज अंगाला चिकटलंय. जिवंतपणी ऐकवायचं असतं. आणि जिवंतपणी ऐकायचंही असतं, हे त्याने सांगितलं नाही.

१९ मार्च, मंगळवार

एकोणतिसावी कविता उरली होती. तिच्यात मी अडखळलो होतो म्हणून ती लावायला मन घेत नव्हतं. तिसरीच्या पुस्तकातली, कवीचं नाव कुणालाच आठवत नाही. ते पुस्तक तीनच वर्षं चाललं, मग बदललं. माझ्या वर्गात होतं आणि मग माझी जुनी प्रत...

आधी तिचं शेवटचं कडवं लिहितो:

पैलतिरावर दिवा कुणाचा, कोण तिथे हे जागत बसले?
नाव बांधली, दोर ओलसर, पाउल माझे काठी फसले.
हाक मार रे, हाक मार रे, धुके दाटले पाण्यावरती;

इथे मी थांबतो. चौथी ओळ येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये मी खाकरतो, "हाक मार रे" पुन्हा म्हणतो, पुन्हा थांबतो. तेव्हा वाटलं होतं, फार लाजिरवाणी शांतता. पण ती रिकामी नव्हती. भिंतीपलीकडून, घासाने भरलेल्या तोंडाने, एका पुरुषाचा आवाज ती ओळ पुरी करतो:

नाव तुझे मी विसरलो तरी आवाजाची खूणच पुरती.

आणि लेओन्तीना हसते. तोंडावर पदर धरल्यासारखी. "शूऽ! ऐकेल ना तो!"

मग तो म्हणतो, "ऐकू दे की."

माझी जुनी प्रत माझ्यामागून एकाच माणसाने वापरली होती.

मी हेडफोन काढले नाहीत. सगळं संपून रेकॉर्डिंग बंद पडलं होतं तरी बसून होतो. ठोक्यांच्या शेवटी तो एक जास्तीचा ठोका. अडतीस वेळा ऐकला. अडतीस वेळा मी त्याला मृत्यू समजलो, भूत समजलो, काय काय समजलो. लंगडी शेळी नाही समजलो.

आणि ते चीज. देवा.

२० मार्च, बुधवार

झाम्फिराबाईंना सकाळी मिठाई दिली आणि म्हणालो, ऐकलं.  त्या नुसत्या म्हणाल्या, "उद्या बाजार आहे. मला चीज घ्यायचंय, ते ओल्या फडक्यातलं."

गावाला जावं का? बस साडेनऊला आहे. काय म्हणू? एकोणीस वर्षं गिळल्यावर माणूस कुठल्या वाक्याने सुरुवात करतो? पस्तीस वर्षं निबंध तपासले, आणि मला पहिलं वाक्य सुचत नाही.

बस गेली.

२१ मार्च, गुरुवार

आज सहा महिने.

पावणेचारला मशीन पुसलं. डबीचा दोरा नीट बांधला. शनिवारी जाणार ही; या खोलीतला हा तिचा शेवटचा गुरुवार. चार वाजता सवयीने दार लावलं, हेडफोन लावले, एकोणतिसावी लावली. वाचावंसं वाटत नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं. पहिलं कडवं. ठोके. "ये, ये." शेवटची ओळ. तिचं हसू. संपली. पुन्हा लावली. पुन्हा संपली.

तिसऱ्यांदा लावली तेव्हा ठोके लवकर आले. मी पहिलं कडवं अजून अर्धंही वाचलं नव्हतं.

टक्. टक्. टकटक, टकटक, टकटकटक. टक्.

मी हेडफोन काढले. कविता माझ्या हातात बारीक किणकिणत होती. ठोके पुन्हा आले, या वेळी मोठे, तळहाताने.

हेडफोन तसेच टाकून गेलो. खोलीचं दार, स्वयंपाकघर, बाहेरचं दार. कडीवर हात ठेवून किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. उघडलं.

इलारिये. केस पार पांढरे झालेले, बाबांसारखी मान पुढे काढून. हातात ओल्या फडक्याचं गाठोडं, त्यातून पाणी ठिबकत होतं. बूट त्याने आधीच काढून पायरीवर जोडीने ठेवले होते, आणि मोज्यांवर उभा होता. समोर झाम्फिराबाईंचं दार बोटभर उघडं होतं.

 मग तो माझ्या खांद्यावरून आत, खोलीकडे बघत, तक्रार केल्यासारखा म्हणाला,

"अर्धा तास बसलोय पायरीवर. तू वाचायला लागलास की मी वाजवतो. आज तू सुरूच करेनास."